पोस्टग्रेस वापरताय? मग रो लेव्हल सिक्युरिटी शिकून घ्याच!

समजा, एकाच टेबलमध्ये सगळ्या शाखांचे ग्राहक आहेत आणि प्रत्येक शाखेला फक्त आपलेच दिसायला हवेत. बहुतेक ठिकाणी यासाठी प्रत्येक क्वेरीत ‘व्हेअर’ची अट लिहितात. एखाद्या रिपोर्टमध्ये ती राहून गेली, की सगळ्यांचा डेटा उघडा!

जानेवारी २०१६मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ९.५ने यावर फार सुंदर उपाय दिला. टेबलवर ‘एनेबल रो लेव्हल सिक्युरिटी’ करायचं आणि ‘क्रिएट पॉलिसी’ने नियम लिहायचा. मग क्वेरी ॲपमधून येवो की थेट, अट डेटाबेस स्वतःच लावतो.

हे पक्कं लक्षात ठेवा:

🔹 कोणत्या ओळी दिसणार हे ‘यूजिंग’ ठरवतं. कोणत्या लिहिता येणार हे ‘विथ चेक’.

🔹 सुरक्षा चालू केली पण पॉलिसीच लिहिली नाही, तर एकही ओळ दिसत नाही. एरर येत नाही, उत्तर रिकामं येतं.

🔹 टेबलच्या मालकाला नियम लागू होत नाहीत. त्यालाही ते लावायचे, तर ‘फोर्स’ लावावं लागतं. सुपरयूजरला तर तेही अडवत नाही. म्हणून ॲपसाठी वेगळा, साधा रोल करा आणि टेस्टिंगही त्यानेच करा.

🔹 पॉलिसीत वापरलेल्या कॉलमवर इंडेक्स ठेवा, नाहीतर मोठ्या टेबलवर क्वेरी रेंगाळते.

लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती जपायची, तर एवढी मेहनत घ्यायलाच हवी. आजच एका टेबलवर करून बघा!