मांसाचे विरजण

दुधाला विरजण लावण्याची क्रिया चोपड्याच्या घरोघरी परिचित आहे. तापवलेले दूध कोमट झाल्यावर त्यात आदल्या दिवसाचे चमचाभर दही घालतात. मांस आंबवून टिकविताना त्यात जे निवडक सूक्ष्मजंतू मिसळतात, त्यांनाही विरजणच म्हणता येईल. परंतु या दोन विरजणांत एक मूलभूत भेद आहे.

दूध तापविल्याने त्यातील बहुतेक जंतू नष्ट होऊन विरजणाला मोकळे रान मिळते. सॉसेजचा खिमा मात्र कच्चा असतो. त्यात स्टॅफिलोकॉकस, साल्मोनेला, लिस्टेरिया हे अपायकारक जंतू आधीच असू शकतात. म्हणून येथे विरजणाने संख्येने आणि वेगाने त्यांच्यावर मात करावी लागते. दर ग्रॅम मांसात सामान्यतः १० लक्ष ते १ कोटी जंतू मिसळतात. लॅक्टोबॅसिलस व पेडिओकॉकस हे जंतू साखरेपासून दुग्धाम्ल तयार करून मांसाचा सामू सुमारे ५.८ वरून ५.३ च्या खाली आणतात. मिठाच्या साहाय्याने ही आम्लता स्टॅफिलोकॉकसची वाढ रोखते. पेडिओकॉकसचे काही प्रकार लिस्टेरियाला मारक असे प्रथिनही स्रवतात.

वेगाला एवढे महत्त्व देण्याचे कारण विषात आहे. स्टॅफिलोकॉकस ३७ अंश सेल्सियसच्या आसपास झपाट्याने वाढतो, आणि त्याचे विष उकळूनही नाहीसे होत नाही. आम्लता उशिरा आली, तर जंतू मरतील, विष मात्र उरेल. ज्या चोपड्यात उन्हाळ्याचा पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेथे हा धोका उघड आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमची गोष्ट निराळी. सॉसेज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. त्याची वाढ केवळ आम्लतेने थांबविण्यास सामू ४.६ पर्यंत उतरावा लागतो. बहुतेक सॉसेज तितके आंबट नसल्यामुळे मीठ व नायट्राइट यांची जोड आवश्यक ठरते.

आपल्याकडील जुन्या रीती निराळ्या आहेत. महाराष्ट्रातील चान्यांत मांसातील पाणी उन्हात काढून टाकतात. गोव्याच्या चोरिसांत माडीपासून केलेले व्हिनेगर घालून आम्ल बाहेरून देतात. विरजण आम्ल आतून निर्माण करते.

दह्याची उपमा मात्र एका ठिकाणी थांबवावी लागते. आदल्या दिवसाचे दही दुधाला चालते. आदल्या खेपेचे मांस नव्या खिम्यात मिसळणे धोक्याचे असते. कारण ते कधी तापविलेलेच नसते, आणि उपकारक जंतूंबरोबर अपायकारक जंतूही पुढच्या खेपेत जाऊ शकतात.