वादळसूचना : सुगमता व वापरसुलभता

वादळाची पूर्वसूचना संबंधितांपर्यंत पोहोचणे ही तिची सुगमता आणि ती मिळताच नेमके काय करावयाचे हे उमगणे ही तिची वापरसुलभता होय. या दोन गुणांची अनेकदा गल्लत होते. मुंबई उपनगरातील खारदांडा येथील कोळीवाड्यासारख्या वस्तीत होडी समुद्रात न्यावी की नाही, हे थोड्या वेळात ठरवावे लागते. तेथे ही गल्लत जिवावर बेतू शकते.

कलकत्त्याला १८६४ मध्ये बसलेल्या चक्री वादळाच्या तडाख्यानंतर १८६५ मध्ये त्या बंदरासाठी वादळसूचनेची व्यवस्था सुरू झाली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत बंदरावरील खांबावर दिवसा शंकू व दंडगोल, तर रात्री तांबडे व पांढरे दिवे ठराविक रचनेत लावतात. यांत कापड नसले, तरी लोक त्यांस ‘बावटा’च म्हणतात. अक्षरओळख नसलेल्यासही हे चिन्ह दुरून दिसते.

त्याचा अर्थ मात्र सरळ नाही. मोठ्या बंदरांवर १ ते ११ क्रमांक वापरतात. आकडा वाढला की धोका वाढला, असा ऐकणाऱ्याचा साहजिक समज होतो. वस्तुतः १ व २ हे क्रमांक दूरच्या समुद्रातील वादळी स्थिती दर्शवितात, तर ३ व ४ हे खुद्द बंदरास असलेला धोका. म्हणजे बंदरात नांगरलेल्या जहाजास ३ महत्त्वाचा. पण खोल समुद्राकडे निघालेल्या होडीस २ हा त्याहून घातक ठरू शकतो. ५, ६ व ७ यांत वादळाची तीव्रता सारखीच असते. ते बंदराच्या एका बाजूने, दुसऱ्या बाजूने की त्यावरूनच जाणार, एवढाच भेद. तीव्र वादळासाठी ८, ९ व १० यांतही हीच योजना आहे. ११ हा तर सर्वांत मोठ्या वादळाचा आकडाच नव्हे. सूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटल्याची ती खूण आहे. जहाजावरील प्रशिक्षित अधिकाऱ्यास ही संकेतमाला सोयीची आहे. मच्छीमाराने ती पाठ करावी ही अपेक्षा अवाजवी वाटते.

त्या मानाने, ‘समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परत यावे’ हा आकाशवाणीवरून मराठीत दिला जाणारा इशारा अधिक उपयुक्त होय, कारण त्यात कृती सांगितलेली असते. मापांचाही प्रश्न आहे. हैदराबाद येथील महासागर माहिती सेवा केंद्राच्या मत्स्यक्षेत्रविषयक सूचनांत खोली मीटरांत देतात, कोळ्यांचे परंपरागत माप वाव (सु. १·८ मी.) हे आहे. १८ मी. म्हणजे सु. १० वाव, एवढे जोडल्यास आकडा ओळखीचा होतो.

नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ चक्री वादळात कोकणातील अनेक मच्छीमार समुद्रात सापडले व कित्येक परतले नाहीत. किनाऱ्यापासून सु. १०–१२ किमी. पलीकडे मोबाइल सहसा चालत नाही. यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपग्रहाद्वारे संदेश घेणारे उपकरण आले. त्यावरील सूचना मोबाइलवर मराठीतही वाचता येतात. मात्र होडीवरून उलट संदेश धाडण्याची सोय त्यात ठेवलेली नव्हती.