गोठलेल्या मातीचा वाफसा

मार्चच्या अखेरीस महाराष्ट्रात पळस-पांगाऱ्याचा बहर ओसरू लागलेला असतो, माठातले पाणी गोड लागू लागते आणि वाळवणांसाठी गच्च्या झाडून घेतल्या जात असतात. त्याच वेळी अमेरिकेच्या उत्तर सीमेला टेकलेल्या मिनेसोटा राज्यात घरामागच्या अंगणांतून काळवंडलेल्या बर्फाचे ढीग कुंपणाच्या सावलीला धरून बसलेले असतात. २० मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडतो, दिवस रात्रीच्या बरोबरीला येतो आणि शास्त्राच्या हिशेबाने वसंत ऋतूचा प्रारंभ होतो, हे खरे. परंतु या तारखेशी जमिनीला काही कर्तव्य नसते. मिनियापोलिसच्या परिसरात घराचा पाया किमान साडेतीन फूट आणि राज्याच्या उत्तर भागात पाच फूट खोल असावा, असा तेथील बांधकामाचा कायदा आहे, तो अशासाठी की पायाखालची माती गोठली तर ती फुगते आणि वरची भिंतही उचलू शकते. अशी ही भूमी वरून वितळू लागली, तरी मधला थर गोठलेला असेतोवर बर्फाच्या पाण्याला खाली झिरपायला वाट मिळत नाही, आणि वरची वीतभर माती कित्येक दिवस नुसता चिखल होऊन राहते.

चार-पाच महिने घरात कोंडलेल्या माणसाला या दिवसांत खुरपे हाती घेण्याची जी अनावर ओढ लागते, तीच बागेचे पहिले नुकसान करते. ओली माती तुडवली किंवा फावड्याने उलथली, की तिच्या कणांमधल्या हवेच्या पोकळ्या दाबल्या जातात, आणि ती वाळल्यावर ढेकळे अशी कठीण होतात की त्या वर्षापुरती तरी मुळांना त्यांतून वाट काढणे जड जावे. ज्याने वाफसा येण्यापूर्वी काळ्या रानात पाय घालू नये हे लहानपणी गावाकडे ऐकले आहे, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही. परीक्षाही तीच. वाफ्यातली मूठभर माती घ्यावी, तळहातात दाबून तिचा गोळा करावा आणि अंगठ्याने त्याला हलकेच टोचावे; गोळा भुसभुशीत फुटला तर पेरणीला हरकत नाही, आणि तो नुसता चेपून अंगठ्याचा ठसा धरून बसला, तर हात धुऊन घरात परत जावे. गादीवाफे केलेले असले तर हा योग आठ-पंधरा दिवस अगोदर येतो, कारण उंच माती पाणीही लवकर सोडते आणि ऊनही लवकर पिते.

हवेच्या उबेला मात्र फार भुलू नये. एप्रिलच्या एखाद्या दुपारी माणसे अर्ध्या बाहीचे सदरे घालून बाहेर पडतात, तेव्हाही चार बोटे खालची माती पाच-सहा अंश सेल्सियसवर रेंगाळत असते, आणि बी जे उगवते ते त्या मातीच्या हुकमाने. निरनिराळ्या बियांची याबाबतची प्रकृती इतकी निराळी आहे, की या विद्येचे निम्मे मर्म तेवढ्यातच यावे. पालक पाच अंशांनाही रुजतो, जरी त्याला सुमारे तीन आठवडे लागतात. दहा अंशांना तोच बारा दिवसांत वर येतो. मटार पाच अंशांवर महिन्याहून अधिक काळ घेतो आणि दहा अंशांवर दोन आठवड्यांच्या आत अंकुर दाखवतो. टोमॅटोला दहा अंशांत चाळीस-बेचाळीस दिवस लागतात, आणि तोवर बी बहुधा कुजून जाते. पंचवीस अंशांत त्याचेच सहा दिवस होतात. भेंडी तर पंधरा अंशांतसुद्धा जवळजवळ चार आठवडे कुरकुरत राहते. आठ-दहा डॉलरांचा, टोकदार दांडीचा, मातीत खुपसण्याचा एक तापमापक बागेच्या सामानात ठेवला आणि सकाळच्या वेळी त्याची नोंद रोजनिशीत करीत गेले, की पेरणीचे वेळापत्रक आपोआप तयार होत जाते.

नोकरीधंद्याच्या निमित्ताने तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या ठिकाणी आपल्या घरच्या ज्ञानाचा आधार आहे. आपल्याकडे जी भाजी कार्तिकापासून माघापर्यंत, म्हणजे रब्बीच्या थंडीत, कोवळी व रसदार होते, ती मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, मटार, कांदा ही सारी मंडळी मिनेसोटाच्या एप्रिल-मे महिन्यांत मोकळ्या वाफ्यांत नांदू शकतात. कारण या भाज्यांना मानवणारा गारवा तेथे या दोन महिन्यांच्या वाट्याला येतो. मेथीसाठी स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणेही चालतात. रात्रभर भिजवून, एप्रिलच्या मध्यावर ओळीने दाट टाकले, तर हलके दहिवर, म्हणजे गोठलेले दव, सोसून महिना-सव्वा महिन्यात ती जुडीला येते. धणे चपलेखाली रगडून त्यांची दोन दले करून पेरावेत, ही आपल्याकडची रीत तेथेही तितकीच लागू पडते. एका गोष्टीत मात्र घरचा अनुभव फसवतो. मिनियापोलिस ४५ अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीस तेथला दिवस साडेपंधरा तासांचा होतो, पुण्याचा मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासच थांबतो. पालक आणि कोथिंबीर यांना लांब दिवस हीच फुलावर येण्याची आज्ञा असते, म्हणून जी कोथिंबीर मे महिन्यात हिरवीगार डोलत होती, ती जूनमध्ये पाहता पाहता बारीक पानांची होऊन तुऱ्यावर येते. पाणी, खत, सावली यांपैकी कशानेही तिला फार काळ थोपवता येत नाही. यास्तव ती थोडी थोडी, दर पंधरवड्याला, आणि शक्य तितक्या लवकर पेरणे हाच बंदोबस्त.

दहिवराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे, कारण वसंतातल्या बहुतेक साऱ्या दुःखद घटना त्याच्याच खात्यावर पडतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचे थेंब गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतो, आणि त्याच बातमीत तपमान शून्याच्या चार-पाच अंश वर होते असेही छापलेले असते. यात विसंगती काही नाही. वेधशाळेचा तापमापक माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पेटीच्या सावलीत टांगलेला असतो, तर गवताचे पाते उघड्या आकाशाखाली असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सतत देत राहतात. ढग असते तर त्यांतली काही परत मिळाली असती, वारा असता तर वरच्या थरातली किंचित उबदार हवा खाली मिसळली असती. दोन्ही नसल्यामुळे पान भोवतालच्या हवेहूनही थंड होऊन शून्याखाली जाते. म्हणून मिनेसोटातला अनुभवी बागवान संध्याकाळी आकाशवाणीवरचा आकडा ऐकतो, पण दाराबाहेर येऊन चांदण्याही पाहतो. नाशिक जिल्ह्यात निफाडचे द्राक्षबागाईतदार अशा रात्री शेकोट्या पेटवतात आणि पहाटे बागेत पाणी सोडतात. घरच्या बागेला जुनी चादर पुरते. ती सूर्य मावळण्याच्या सुमारास, मातीत दिवसाची ऊब शिल्लक आहे तोवरच, चारी बाजूंनी जमिनीला टेकेल अशी पसरावी आणि सकाळी ऊन येताच काढावी. चादरीऐवजी प्लॅस्टिकचा पातळ कागद घालून तो पानांना टेकू देणे मात्र व्यर्थ, कारण जेथे जेथे तो चिकटतो तेथे तेथे पान काळे पडते.

टोमॅटो, मिरची, वांगी या उष्ण प्रकृतीच्या पिकांना अशा हवेत बाहेर पेरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांची रोपे घरात वाढवावी लागतात. मिरची आणि वांगी मार्चच्या सुरुवातीला आणि टोमॅटो मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लावावा, असा साधारण शिरस्ता आहे. दक्षिणेकडची खिडकी कितीही उजेडाची भासली, तरी रोपांना ती पुरत नाही. रोपे काचेकडे माना वळवून लांबट, फिकट आणि दुबळी होतात. त्यांच्या शेंड्यांपासून चार बोटांवर टांगलेला साधा नळीचा दिवा दिवसाला चौदा ते सोळा तास जळत ठेवला, की तीच रोपे बुटकी आणि जाड बुंध्याची निपजतात. दुसरा घात कोलमडण्याचा. आज सकाळी टवटवीत असलेले रोप उद्या जमिनीच्या पातळीला करकोचा पडून आडवे झालेले दिसते. हे काम ओल्या, कोंदट मातीत वाढणाऱ्या बुरशीचे व तत्सम जीवांचे असते. एकदा लागण झाली की उपचार जवळजवळ नाही. भांडी स्वच्छ असावीत, पाणी वरून शिंपडण्याऐवजी खालच्या ताटलीत घालावे आणि लहान पंख्याने हवा खेळती ठेवावी. एवढ्या दक्षतेने बहुतेक रोपे वाचतात.

ज्यांच्या घरात दिव्यांना जागा नाही त्यांच्यासाठी एक निराळी तजवीज तेथे बरीच रूढ झालेली आहे. दुधाचा अर्धपारदर्शक रिकामा कॅन कमरेपाशी कापून, तळाला भोके पाडून, आत चार बोटे माती घालायची, बी पेरून चिकटपट्टीने तो पुन्हा बंद करायचा आणि जानेवारी-फेब्रुवारीतच बर्फात उघड्यावर ठेवून द्यायचा. वरचे बूच काढलेले असल्याने पाऊस-बर्फ आत येतो. दिवसा ऊब धरली जाते. अनेक देशी रानफुलांच्या बियांना तर ही ओली थंडी अत्यावश्यकच आहे. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या ज्या रुईच्या कुळातल्या वनस्पतीवर जगतात, तिचे बी काही आठवडे गारठ्यात राहिल्याखेरीज सहसा रुजत नाही.

थंडीला काचेने हुलकावणी देण्याची विद्या जुनी आहे. चौदाव्या लुईच्या व्हर्साय येथील राजवाड्यासाठी ला केंतिनी याने १६७८ ते १६८३ या काळात जी भाजीची बाग उभारली, तीत घोड्यांच्या ताज्या लिदीचे थर कुजताना निघणारी उष्णता आणि वरून काचेची झाकणे यांच्या साहाय्याने ऋतूच्या कितीतरी आधी फळे व भाज्या काढल्या जात. पुढे पॅरिसच्या माळ्यांनी हीच पद्धत बाजारासाठी वाढवली. आपल्या काळात अमेरिकेच्या मेन राज्यात एलियट कोलमन या शेतकऱ्याने त्या परंपरेचा अभ्यास करून, कृत्रिम उष्णता न देता केवळ दुहेरी आवरणाखाली हिवाळाभर पालेभाज्या जगवून दाखवल्या आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याचा एक निष्कर्ष घरगुती बागेलाही फार उपयोगी आहे: दिवस दहा तासांहून लहान असेपर्यंत झाड जगते, पण वाढत जवळजवळ नाही. मिनियापोलिसला दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दहा तासांची मर्यादा ओलांडतो. तेव्हा चार फळ्यांच्या खोक्यावर जुन्या खिडकीची काच दक्षिणेकडे उतरती ठेवून केलेल्या पेटीत मार्चच्या मध्यावर पालक पेरणे हे धाडस नव्हे. काळजी थंडीपेक्षा उन्हाचीच अधिक घ्यावी लागते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी बाहेर बर्फ असतानाही पेटीच्या आत रोपे भाजून निघतात, म्हणून सकाळी काचेखाली लाकडाचा ठोकळा देऊन फट ठेवणे विसरता कामा नये.

अंगणात सफरचंदाचे झाड असेल तर त्याची छाटणी कळ्या फुगण्यापूर्वी, मार्चमध्येच, उरकावी. याच दिवसांत कोवळ्या खोडाची नैर्ऋत्येकडची साल दुपारच्या उन्हाने तापते आणि सूर्य कलताच झपाट्याने गोठून उभी तडकते. पांढरे वेष्टन गुंडाळले तर ऊनही परतते आणि सशांचे दातही. या भूमीत सफरचंद लागते, यामागे एका माणसाची चिकाटी आहे. पीटर गिडियन हा १८५३ मध्ये मिनेटोंका सरोवराच्या काठी येऊन राहिला आणि वर्षानुवर्षे लावलेली जवळजवळ सारी झाडे त्याने हिवाळ्यात मेलेली पाहिली. अखेर हाती उरलेले काही डॉलर अंगावरच्या कोटासाठी न खर्चता त्याने मेन राज्यातून आणखी बी आणि कलमे मागवली, असे सांगतात. त्यातून १८६८ च्या सुमारास जे काटक झाड हाती आले, त्याला त्याने पत्नीचे ‘वेल्दी’ हे नाव दिले. ज्या ‘हनीक्रिस्प’ जातीचे सफरचंद आज जगभरच्या दुकानांत दिसते, तीही याच परिसरातली. मिनेसोटा विद्यापीठाने तिचा संकर १९६० मध्ये केला आणि ती १९९१ मध्ये लोकांच्या हाती दिली. तीस वर्षे एका झाडासाठी खर्च करणाऱ्या संस्थेबद्दल मला अत्यंत आदर वाटतो.

मे उजाडला की टोमॅटो बाहेर कधी लावावा हा चर्चेचा विषय होतो. मध्य युरोपात ११ ते १५ मे हे ‘हिमसंतां’चे दिवस मानतात आणि ते सरल्यावाचून नाजूक रोप बाहेर काढीत नाहीत, आपण मृगाची वाट पाहतो, तशीच ही लोकरीत. मिनियापोलिसच्या परिसरात शेवटचे दहिवर सरासरीने एप्रिलअखेर पडते, पण सरासरी म्हणजे जामीन नव्हे, आणि मेच्या मध्यावरही ते अवचित येते. त्यामुळे बहुतेक लोक मेच्या दुसऱ्या रविवारी येणाऱ्या मातृदिनानंतर आणि सावध लोक मेच्या अखेरच्या सोमवारी लावणी करतात. त्याआधी आठ-दहा दिवस रोपे काटक करून घ्यावी लागतात: पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग थोडे कोवळे ऊन, थोडा वारा, असे वाढवत नेऊन शेवटी एखादी रात्र बाहेर. हे न करता दिव्याखालचे रोप थेट उन्हात ठेवले, तर दोन दिवसांत त्याची पाने कागदासारखी पांढरी पडतात.

भेंडी आणि गवार यांना याहूनही धीर धरावा लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, कोकणात मिरगाचा पाऊस अपेक्षित असतो त्याच सुमारास, तेथली माती वीस अंशांच्या घरात येते. तोपर्यंत मेथी उपटून वाफा रिकामा झालेला असतो. त्यात दोन-तीन घमेली कंपोस्ट मिसळावे, आठवडाभर काळ्या प्लॅस्टिकने झाकून माती तापवावी आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवलेले भेंडीचे बी वीत-वीत अंतरावर, बोटाच्या एका पेराएवढे खोल टोकावे.