जुना कॉम्प्युटर तारीख विसरतो तेव्हा

बऱ्याच बचत गटांकडे कुणीतरी दिलेला जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर असतो. रात्री लाइट गेली, सकाळी कॉम्प्युटर लावला, की तारीख दहा-पंधरा वर्षं मागे! मग बँकेची साइट उघडत नाही आणि कर्जाच्या हप्त्याच्या पावतीवर भलतीच तारीख छापली जाते. पुढे हिशोबाला बसलं की वाद होतात. अशा वेळी कॉम्प्युटर भंगारात काढायची घाई करू नका. बहुतेक वेळा दुखणं एका लहानशा सेलचं असतं.

कॉम्प्युटरच्या आत मुख्य बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो. लाइट नसताना आतलं घड्याळ त्यावर चालतं. सेल संपला की घड्याळ थांबतं. बँकेच्या साइटच्या ओळखपत्राला ठरावीक मुदत असते. कॉम्प्युटरची तारीख चुकली, की त्याला ते ओळखपत्र मुदतीबाहेरचं वाटतं, म्हणून तो साइट उघडू देत नाही.

बहुतेक डेस्कटॉपमध्ये 'सीआर २०३२' नावाचा ३ व्होल्टचा सेल लागतो. घड्याळजीकडे किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. कॉम्प्युटर बंद करा, वायर बोर्डातून काढा, मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. जुना सेल कसा बसला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. अधिकची खूण असलेली बाजू बहुधा वर असते.

आता तारीख घालायची. कॉम्प्युटर चालू करताच 'डिलीट' हे बटण परत परत दाबा. काहींना एफ-२, एफ-१ किंवा एफ-१० लागतं. कोणतं, ते सुरुवातीच्या पडद्यावर क्षणभर दिसतं. जी पानं उघडतात त्यांना बायोस म्हणतात. जुन्या कॉम्प्युटरमध्ये इथे माउस चालत नाही, बाणांची बटणं वापरायची. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो घ्या.

इथे तीन गोष्टी बघा. पहिली, तारीख आणि वेळ. बऱ्याच ठिकाणी आधी महिना आणि मग दिवस असतो, आणि वेळ चोवीस तासांची; दुपारचे तीन म्हणजे १५. दुसरी, 'बूट' या पानावर हार्ड डिस्क पहिल्या नंबरवर हवी. नाहीतर विसरून लावलेल्या पेन ड्राइव्हमुळे कॉम्प्युटर सुरूच होत नाही. तिसरी, वीज परत आल्यावर काय करायचं, ही निवड. ती असेल तर 'पॉवर ऑफ' ठेवा. लाइट ये-जा करते तिथे कॉम्प्युटर आपोआप चालू-बंद होत राहणं बरं नाही.

झालं की एफ-१० दाबा, विचारेल तेव्हा 'येस' म्हणा. गोंधळ झाला तर 'एस्केप' दाबून न जपता बाहेर पडा, काही बिघडत नाही.

एवढं मात्र पाळा. 'साटा' किंवा 'आयडीई' लिहिलेलं काही बदलू नका, विंडोज उघडणार नाही. पासवर्ड घालायचाच असेल तर गटाच्या अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे लिहून ठेवा. एकीलाच माहीत असला आणि ती बाहेरगावी गेली, तर सगळ्यांचं काम अडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जुना सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलानं गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. चिकटपट्टी गुंडाळून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत दोघी-तिघींनी मिळून हे करून बघा. एकीनं वाचायचं, दुसरीनं बटण दाबायचं. मग पावती छापण्याआधी तारखेवर नजर टाकायची सवय लावून घ्या.