चौघांचा सोळा मिनिटांचा सिनेमा

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट व दूरचित्रवाणी शिक्षणसंस्थेत (स्थापना १९६०, जागा जुन्या प्रभात स्टुडिओची) टीव्ही विभागाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. वर्षअखेरीस दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी या शाखांचा एकेक विद्यार्थी असे चौघे मिळून एक लघुपट करतात.

मूळचे डॉक्टर असलेले चिदानंद नाईक यांनी असाच एक सोळा मिनिटांचा लघुपट दिग्दर्शित केला. त्याने २०२४मध्ये कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक मिळवलं. गोष्ट कन्नड लोककथेवरची: म्हातारी गावचा कोंबडा चोरते आणि सूर्य उगवायचाच थांबतो. चित्रीकरणाला दिवस होते अवघे चार!

कथाच अंधाराची, म्हणजे खरी परीक्षा छायालेखकाची. दिग्दर्शकाचं नाव मोठं छापलं जातं, ते सोडा. ध्वनीवाल्याचं काम तर दिसतच नाही. शॉट संपल्यावर तो सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करतो. घाईत असलेलं युनिट वैतागतं. पण संवादांमधल्या फटी संकलनात बुजवायला तीच लागते. शॉटच्या सुरुवातीला क्लॅप (पाटीची टाळी) द्यायला कुणी विसरलं, तर आवाज-चित्र जुळवताना संकलक ज्या शिव्या घालतो, त्या कुठल्याच अभ्यासक्रमात नाहीत.