कोट्याच्या कुंपणापलीकडे

विकसनशील देशांतून येणारे स्वस्त कपडे रोखण्यासाठी श्रीमंत देशांनी १९७४मध्ये 'मल्टिफायबर करार' लागू केला. देशागणिक निर्यातीचा कोटा ठरला.

घडलं मात्र भलतंच. दक्षिण कोरियाचा कोटा अपुरा पडू लागला, तेव्हा तिथल्या देवू कंपनीने कोटामुक्त बांगलादेश गाठला. १९७९मध्ये देवूशी हातमिळवणी केलेल्या चितगावच्या 'देश गारमेंट्स'ने १३० जणांना शिवणकाम शिकायला कोरियाला पाठवलं. पुढे त्यांतले बहुतेक जण हे कसब घेऊन बाहेर पडले. कुणी इतर कारखान्यांत गेलं, कुणी स्वतःचा कारखाना काढला. अमेरिकेने १९८५मध्ये बांगलादेशावरही कोटा लादला, तोवर हा धंदा तिथे रुजला होता.

१ जानेवारी २००५ला कोटे उठले. चिनी कपड्यांचा लोंढा आला, म्हणून जूनमध्ये युरोपने चीनशी नव्या मर्यादा ठरवल्या आणि दुकानदारांनी आधीच मागवलेले कोट्यवधी स्वेटर, पँट्स, ब्रा युरोपच्या बंदरांत अडकून पडले.