वळणवाटा (लेखांक ९) : नाहरगडचा उतार आणि बिनगिअरची स्कूटर

नॉर्वेतील ट्रोलस्टिगेन या रस्त्याचे विवेचन या आठवड्यात करण्याचे ठरले होते. परंतु जयपूर येथील एका मराठी वाचकाच्या प्रश्नामुळे ते पुढे ढकलणे इष्ट वाटते. नाहरगडावर बिनगिअरची स्कूटर नेणे कितपत सुरक्षित, असा तो प्रश्न असून त्याचे उत्तर शोधताना घाटरस्त्याच्या ज्या अंगाकडे दुचाकीस्वारांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, त्या उताराचाच विचार करावा लागतो. चढावर चुकीच्या वेगाने वळणात शिरलेल्या गाडीला गुरुत्वाकर्षणच आवर घालते. उतारावर तीच चूक गुरुत्वाकर्षण वाढवत नेते, आणि म्हणून घाट चढून गेलेल्या माणसाला तो उतरता येतोच असे धरून चालणे धोक्याचे आहे.

सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसविलेले जयपूर हे सरळ रेषांचे आणि काटकोनांचे नगर आहे. १७३४ मधला नाहरगड या जुन्या शहराच्या अगदी डोक्यावर उभा असून शहराच्या बाजूने एक फरसबंद चढण थेट किल्ल्याकडे जाते. मोटाररस्ता मात्र जलमहालावरून आमेरच्या दिशेने निघतो, कनक घाटीपाशी डावीकडे वळतो आणि जयगडचा फाटा सोडून अरवलीच्या धारेवरून, जंगलातून, किल्ल्याच्या दारात पोहोचतो. वरंधा किंवा आंबोलीच्या मानाने हा घाट फारच लहान आहे. पण चौकात गाडी थांबवून काटकोनात वळण्याची सवय असलेल्या शहरी चालकाला खऱ्या वळणाची पहिली ओळख येथेच होते, आणि त्या दृष्टीने त्याचे मोल मोठ्या घाटांपेक्षा कमी नाही.

हेअरपिन वळण, म्हणजे ज्यात रस्ता जवळजवळ उलट्या दिशेला फिरतो असे वळण, त्याच्या उंचीमुळे नव्हे तर त्रिज्येमुळे अवघड ठरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार डोंगरी रस्त्यावरील अशा वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर असावी आणि त्याची आखणी ताशी किमान २० किलोमीटर वेग धरून करावी. दुचाकीला वळताना आत झुकावे लागते व हा झुकाव वेगाबरोबर झपाट्याने वाढत जातो: सपाट रस्त्यावर १४ मीटर त्रिज्येसाठी ताशी २० किलोमीटरला सुमारे १३ अंश झुकाव पुरतो, ३० ला तो सुमारे २७ अंशांवर जातो आणि ४० ला ४२ अंशांच्या आसपास. ताशी २० आणि ४० किलोमीटर हे दोन्ही वेग शहरात सारखेच किरकोळ वाटतात, वळणावर मात्र त्यांच्यात सुखरूप सुटणे आणि घसरणे एवढे अंतर पडते. आगगाडीला तर असले वळण मुळीच परवडत नाही, आणि म्हणून १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग नेताना रिव्हर्सिंग स्टेशन बांधून, इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडून, तिला उलट दिशेने पुढे चढविण्याची युक्ती योजावी लागली. ज्या जागी रेल्वेला थांबून दिशा बदलावी लागे, तशा जागी दुचाकी न थांबता फिरते, हे तिचे भाग्य आणि तीच तिची जोखीमही.

याखेरीज एक बाब फारशी कोणी सांगत नाही. वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला उतरण्याची उंची सारखीच असते, पण अंतर सारखे नसते. आतली त्रिज्या १४ व बाहेरची २१ मीटर धरली तर अर्धवर्तुळाची आतली कड सुमारे ४४ आणि बाहेरची सुमारे ६६ मीटर भरते, म्हणजे आतल्या कडेचा उतार दीडपट तीव्र होतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने उतरताना डावीकडे वळणाऱ्या प्रत्येक हेअरपिनवर चालक नेमका या तीव्र कडेवर असतो, आणि तेथेच घाबरून पुढचा ब्रेक दाबला जातो. टायरची पकड ठरावीक असते व ती वळणे आणि थांबणे या दोन कामांत वाटली जाते. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा आणि वळणात तिला इंजिनाच्या आधारावर संथ फिरू द्यावे.

वाचकाच्या प्रश्नाचा गाभा या आधारातच आहे. गिअरच्या मोटरसायकलीत दुसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकाला मागे ओढते, यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद व्हेरिएटरकडून, म्हणजे वेगानुसार पट्ट्याचे गुणोत्तर आपोआप बदलणाऱ्या पुलीकडून, केंद्रोत्सारी क्लचकडे जाते. या क्लचचे शू फिरण्याच्या जोराने बाहेर फेकले जाऊन बेल नावाच्या वाटीला घट्ट धरतात, तेव्हाच इंजिन आणि चाक जोडलेले राहतात. वेग पुरेसा उतरला की स्प्रिंगा हे शू आत ओढून घेतात, जोड तुटते आणि हेअरपिनवर, जिथे आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमकी तिथेच स्कूटर न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी मोकळी धावू लागते. अशा वेळी ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करून क्लच पुन्हा धरू द्यावा, मग तो सोडावा; इंजिनाची ओढ सौम्य का होईना, परत जाणवते. बऱ्याच स्कूटरींचे ब्रेक ड्रमचे असतात व सतत दाबून धरल्यास ते तापून त्यांची पकड कमी होते, म्हणून ब्रेक दाबून धरण्यापेक्षा थोडा जोराने लावून सोडणे आणि पुन्हा लावणे श्रेयस्कर. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय मात्र अक्षम्य आहे, मग गाडी कोणतीही असो.

नाहरगडाच्या रस्त्यावर पाहण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे वळणांच्या आतल्या बाजूला साचणारी रेती. सह्याद्रीत पावसाळ्यातले शेवाळ आणि दरडी यांची धास्ती असते. अरवलीत पाऊस थोडा, पण एखादी सर उघड्या उतारावरची बारीक बजरी रस्त्यावर आणून टाकते आणि ऊन पडताच ती डांबरावर सुटी पसरून राहते. त्यात किल्ल्यावरून सूर्यास्त पाहणारे लोक एकदमच खाली निघतात, त्यामुळे सर्वांत जास्त गर्दी सर्वांत अपुऱ्या उजेडात उतरते आणि समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात ही रेती दिसतही नाही. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी असा आपल्याकडील वाहतुकीचा नियम आहे, आणि संध्याकाळच्या या घाईत तोच सर्वाधिक मोडला जातो.

तात्पर्य, बिनगिअरची स्कूटर नाहरगडावर खुशाल न्यावी, मात्र मागे जड माणूस बसवून नव्हे, आणि उतरण्यास सूर्यास्तापूर्वी अर्धा तास तरी आरंभ करावा. १९३६ मध्ये खुल्या झालेल्या ट्रोलस्टिगेनची ११ हेअरपिन वळणे पुढील आठवड्यात पाहू. ज्या वाचकांनी अरवलीत वा सह्याद्रीत स्कूटरवर घाट उतरले असतील, त्यांनी आपल्या गाडीचा क्लच साधारण कोणत्या वेगाला सुटतो, ते तोवर अवश्य कळवावे.